जिन्याशी आले की शरीर गोठते: शरीराधारित आघात-उपचारांचा खरोखर उपयोग होतो का?

मुलुंडची प्रवासी (प्रश्न)

मी मुलुंडला राहते आणि मध्य मुंबईतील एका शाळेत शिकवते. दोन वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात, गाड्या उशिराने धावत असताना, एका स्थानकाच्या जिन्यावर रेटारेटी झाली आणि मी कठड्याशी दाबली गेले. छातीवर माणसांचा एवढा भार आला होता की काही क्षण श्वासच घेता येईना. बरगडीला तडा गेला होता, तो रीतसर भरून आला. नंतर झोप उडाली, गर्दीची स्वप्ने पडू लागली, तेव्हा एका समुपदेशक बाईंकडे जाऊ लागले आणि अजूनही जाते. त्यांच्याशी बोलून पुष्कळ फरक पडला. त्या वेळी शेजारच्या मुलीचा हात माझ्याकडून सुटला होता, त्याचा अपराधभाव आता जवळजवळ राहिलेला नाही, आणि स्वप्नेही क्वचितच पडतात.

उरले आहे ते शरीराचे. जिन्याच्या पायथ्याशी पोहोचले की जबडा आवळला जातो, तळहात गार पडतात आणि पाऊल उचलत नाही. मागून लोक "ओ मॅडम, चला ना" म्हणत राहतात आणि मी खांबाला धरून उभी असते. त्या क्षणी मनात भीतीचा एकही विचार नसतो, हेच मला चमत्कारिक वाटते. सध्या ठाण्यापर्यंत उलटे जाऊन सरकत्या जिन्याने फलाट बदलते किंवा बसने जाते, आणि दोन्हींत शाळेची वेळ चुकते.

शाळेतील एका सहकारी बाईंनी शनिवार-रविवारची निवासी कार्यशाळा सुचवली आहे. "शरीरात साठलेला आघात श्वासावाटे मोकळा होतो" असे तिच्या पत्रकात छापले आहे आणि शुल्क माझ्या जवळजवळ अर्ध्या पगाराइतके आहे. यजमान याला फॅड म्हणतात. सासूबाईंनी दृष्ट काढली, तीही मी मुकाट्याने काढून घेतली. या प्रकारच्या उपचारांना शास्त्रीय आधार कितपत आहे, ते चालू समुपदेशनासोबत घेता येतात का, आणि माणूस पारखायचा कसा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

---

ओपीडी क्रमांक सात

मी चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ आहे आणि सार्वजनिक रुग्णालयाच्या मनोविकार विभागात काम करते. मनात विचार नसताना शरीर का गोठते, हा आपल्या प्रश्नाचा गाभा आहे, म्हणून तेथूनच सुरुवात करते.

धोक्याची दखल घेणारी मेंदूतील यंत्रणा, विशेषतः अमिग्डाला नावाचा भाग, विचार करणाऱ्या भागाच्या परवानगीसाठी थांबत नाही. जिना, पाठीला लागणारी माणसे, ओल्या छत्र्यांचा वास आणि अडलेला श्वास हे सारे त्या दिवशी एकत्र नोंदले गेले, आणि आता त्यांतील एखादी खूण जरी समोर आली तरी स्वायत्त मज्जासंस्था, म्हणजे आपल्या इच्छेविना चालणारी मज्जायंत्रणा, शरीराला सज्ज करते, स्नायू ताणते आणि त्वचेतील रक्तवाहिन्या आकसवते, म्हणून तळहात गार पडतात. लढणे किंवा पळणे शक्य नसेल तेव्हा गोठणे हा तिसरा मार्ग प्राण्यांप्रमाणे माणसातही असतो, आणि कठड्याशी दाबल्या गेलेल्या व्यक्तीला त्या दिवशी दुसरा मार्ग उपलब्धच नव्हता. त्यामुळे आपले पाय उचलत नाहीत यात कमकुवतपणा कोठेही नाही.

शरीराकडून मेंदूकडे जाणारी वाहतूकही मोठी असते. मेंदूपासून छाती-पोटापर्यंत जाणाऱ्या व्हेगस या मज्जातंतूतील सुमारे ८० टक्के तंतू शरीराची खबर वर नेणारे असतात. शरीराच्या बाजूने उपचार करता येतील, या कल्पनेमागे असा शरीरशास्त्रीय पाया आहे. पाया आहे म्हणून त्यावर उभारलेली प्रत्येक पद्धत सिद्ध ठरते असे मात्र नाही.

शरीराधारित उपचार या नावाखाली आज बरेच काही एकत्र आले आहे. शरीरातील संवेदनांकडे थोडे थोडे लक्ष नेणारी पीटर लेव्हिन यांची सोमॅटिक एक्सपिरिअन्सिंग, संवेदना आणि हालचाली यांना बोलण्याची जोड देणारी पॅट ऑग्डेन यांची सेन्सरीमोटर सायकोथेरपी, आघाताचे भान ठेवून शिकवला जाणारा योग आणि नृत्य-हालचाल उपचार ही त्यांतील प्रमुख नावे आहेत. फ्रान्सिन शपिरो यांनी १९८७ च्या सुमारास मांडलेली ईएमडीआर ही पद्धत, जिच्यात आठवण मनात धरून डोळे एका लयीत डावी-उजवीकडे फिरवले जातात, तिलाही काही जण याच रांगेत बसवतात, परंतु तिचे पुरावे स्वतंत्र आणि बरेच भक्कम आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली आघातोत्तर ताण विकारासाठी ज्या उपचारांची शिफारस केली, त्यांत आघातकेंद्रित सीबीटी (विचार आणि वर्तन यांत बदल घडवणारी, बोलण्यावर आधारलेली पद्धत) आणि ईएमडीआर ही दोन नावे होती.

सोमॅटिक एक्सपिरिअन्सिंगची पहिली यादृच्छिक चाचणी, म्हणजे उपचार कोणाला मिळणार हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवणारा अभ्यास, २०१७ साली प्रसिद्ध झाली. इस्रायलमधील त्या अभ्यासात ६३ जण होते, आठवड्याला एक याप्रमाणे १५ सत्रे झाली, आणि प्रतीक्षायादीवर ठेवलेल्या गटापेक्षा उपचार घेतलेल्यांची लक्षणे लक्षणीय घटली. निष्कर्ष उत्साहवर्धक आहे, पण काहीही न मिळालेल्या गटाशी केलेली तुलना ही सोपी परीक्षा असते, हे ध्यानात ठेवावे. योगाबाबत बोस्टनमधील २०१४ च्या अभ्यासात, इतर उपचारांना दाद न दिलेल्या ६४ स्त्रियांपैकी निम्म्यांना दहा आठवडे योग आणि निम्म्यांना आरोग्यविषयक वर्ग दिले गेले. अखेरीस योगाच्या गटातील ५२ टक्के स्त्रिया आघातोत्तर ताण विकाराच्या निकषांत बसत नव्हत्या, तर दुसऱ्या गटात हे प्रमाण २१ टक्के होते.

तेव्हा आपल्या यजमानांचे "फॅड" मला मान्य नाही आणि पत्रकातील "मोकळा होतो" हेही मान्य नाही. चालू समुपदेशनासोबत हे उपचार घेता येतात, किंबहुना सोबतच घ्यावेत, फक्त दोन्हीकडच्या व्यक्तींना एकमेकींची माहिती असली पाहिजे.

---

शेवटचा डबा

मी या क्षेत्रातला नाही, केवळ असे शरीराधारित उपचार घेतलेला माणूस आहे. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या सात गाड्यांत अकरा मिनिटांच्या आत स्फोट झाले, त्यांपैकी एका गाडीत मी होतो, स्फोट झालेला डबा सोडून वेगळ्या डब्यात. जखम किरकोळ होती, त्यामुळे मला काही झाले आहे असे घरच्यांना आणि मलाही वाटले नाही. पण पुढे कित्येक वर्षे ऑफिसात कोणाच्या हातून स्टीलचा डबा पडला, तरी माझा उजवा खांदा कानापर्यंत चढायचा आणि तासभर उतरायचा नाही.

सत्रात काय घडते याची बाहेर फार गूढ कल्पना असते, म्हणून लिहितो. पहिल्या दिवशी उपचार करणाऱ्या बाईंनी स्फोटाविषयी एक अक्षर विचारले नाही. खोलीत नजर फिरवून जिथे बरे वाटते तिथे ती थांबवा, असे त्या म्हणाल्या. खिडकीबाहेर समोरच्या चाळीच्या गॅलरीत कोणीतरी कुरडया वाळत घातल्या होत्या, माझी नजर तिथे थांबली. मग पायांचे तळवे जमिनीला कुठे टेकले आहेत, टाच जड आहे की चवडा, एवढेच. मला वाटले, पैसे पाण्यात गेले.

पुढे केव्हातरी आम्ही त्या आवाजापाशी आलो, तेही अगदी कडेकडेने. खांदा चढू लागला तसे बाईंनी मला तेथेच थांबवले, खांद्याला काय करावेसे वाटते ते विचारले, आणि मी उशी भिंतीशी धरून ती अतिशय सावकाश ढकलली. दंडाला थरथर सुटली. ती आवरू नका, वाढवूही नका, असे म्हणून त्यांनी मला पुन्हा त्या कुरडयांकडे, म्हणजे एव्हाना रिकाम्या झालेल्या गॅलरीकडे, बघायला लावले. थोडे त्रासाकडे जायचे आणि परत सुरक्षित जागी यायचे, हेच आलटून पालटून. रडारड, किंकाळ्या, साक्षात्कार असले काही घडले नाही.

डबा पडला की मी आजही दचकतो. खांदा मिनिटाभरात खाली येतो, एवढा फरक पडला आणि माझ्या कामाला तो पुरला.

---

भूलतज्ज्ञ, परळ

वरील दोन्ही प्रतिसाद संयत आहेत, परंतु धागाकर्तीने उल्लेख केलेल्या पत्रकाविषयी स्पष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण श्वास हा माझ्या रोजच्या कामाचा विषय आहे.

अशा कार्यशाळांत पुष्कळदा संगीताच्या साथीने बराच वेळ खोल आणि जलद श्वास घ्यायला लावतात. असे केल्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो, रक्ताचा अल्कधर्मीपणा वाढतो आणि त्यातील मुक्त कॅल्शियमचे प्रमाण कमी होते. परिणामी ओठांभोवती मुंग्या येतात, बोटे आखडून हाताचा पंजा वळतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसल्याने डोके हलके होते आणि भावना अनावर होतात. शरीरक्रियाशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकवली जाणारी ही गोष्ट आहे. त्या वळलेल्या पंजाकडे बोट दाखवून "बघा, साठलेला आघात बाहेर पडतो आहे" असे सांगितले जाते, तेव्हा मला राग येतो. ज्या बाईंच्या आघाताचे मूळच श्वास कोंडण्यात आहे, त्यांना अनोळखी लोकांनी भरलेल्या बंद खोलीत छातीत धडधड आणि गुदमर अनुभवायला लावणे हे उपचाराच्या नेमके उलट आहे. अपस्मार, हृदयविकार किंवा गर्भारपण असेल तर धोका निव्वळ मानसिकही राहत नाही.

दुसरे असे की, आघात नितंबात किंवा पाठीच्या स्नायूत "साठतो" हे विधान शब्दशः खरे नाही. स्नायू ताणलेला राहतो, कारण मज्जासंस्था त्याला तसा आदेश पुन्हा पुन्हा देते. आठवण मांसात नसते. त्यामुळे अमुक ठिकाणी दाबले की अमुक दुःख सुटेल, असा नकाशा जो दाखवेल त्याच्यापासून दूर राहावे. स्टीफन पोर्जेस यांचा पॉलिव्हेगल सिद्धान्त, म्हणजे भीती आणि सुरक्षितता या अवस्थांचा व्हेगस मज्जातंतूशी संबंध जोडणारी मांडणी, शरीराधारित उपचार करणाऱ्या मंडळींच्या तोंडी सतत असतो. त्याने रुग्णांना स्वतःच्या अवस्थेविषयी बोलायला सोपी भाषा दिली हे खरे असले, तरी त्यातील शरीरशास्त्रीय आणि उत्क्रांतीविषयक दाव्यांवर शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी गंभीर आक्षेप घेतले आहेत. उपचाराने बरे वाटणे आणि त्यामागे सांगितलेले कारण बरोबर असणे या दोन वेगळ्या बाबी आहेत. "शेवटचा डबा" यांना आलेला गुण मी नाकारत नाही.

---

मुलुंडची प्रवासी

सर्वांचे आभार. पंजा वळण्याचे वाचून मी आयोजकांना फोन केला आणि मध्येच बाहेर पडायचे असेल तर काय, असे विचारले. "ऊर्जा टिकून राहावी म्हणून सत्र चालू असताना दार उघडत नाही" असे उत्तर मिळाले. कार्यशाळेचा विचार सोडला आहे.

योगाविषयी मात्र विचारायचे आहे. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर सकाळी वर्ग भरतो, तो चालेल का? मागे एकदा गेले होते, तेव्हा शवासनात डोळे मिटल्यावर फारच अस्वस्थ वाटले आणि पुन्हा गेले नाही.

---

गिरगावकर

मी अनेक वर्षे योग शिकवते आणि आघात सोसलेल्या स्त्रियांसोबत काम करण्याचे वेगळे प्रशिक्षण घेतले आहे. शवासनात आपल्याला जे झाले ते अत्यंत स्वाभाविक होते. उताणे पडणे, डोळे मिटणे, छाती उघडी ठेवणे आणि पावलांचा आवाज करत कोणीतरी आसपास फिरणे, या चार गोष्टी एकत्र आल्या की आघात सोसलेल्या व्यक्तीला विश्रांती मिळण्याऐवजी तिचा पहारा वाढतो.

योगाचे शरीरावरील परिणाम मोजून पाहण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. सांताक्रूझची द योगा इन्स्टिट्यूट १९१८ पासून आहे, आणि स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले ते प्रयोगशाळेसह. तरीही निरोगी माणसांसाठी बसवलेला वर्ग आणि आघातानंतरचा वर्ग यांत फरक असावाच लागतो, आणि तो आसनांपेक्षा शिक्षकाच्या वागण्यात अधिक असतो. आमच्या वर्गात "हात वर करा" असे कोणी म्हणत नाही, "हवे असल्यास हात वर नेऊन पाहता येईल, किंवा जेथे आहेत तेथेच राहू द्या" असे म्हटले जाते. सुरुवातीला हे ऐकणाऱ्याला बावळटपणाचे वाटते. पण जिच्या शरीरावर एकदा तिचा ताबा राहिला नव्हता, तिला हात न उचलण्याचा निर्णयही स्वतः घेता येणे यातच उपचाराचा मोठा भाग आहे. आसन सुधारण्यासाठी आम्ही कोणालाही स्पर्श करत नाही, "लावू का हात?" असे विचारतही नाही, कारण भर वर्गात नाही म्हणणे सर्वांना जमत नाही. दार उघडे असते, कोणीही दाराजवळची जागा घेऊ शकते, डोळे उघडे ठेवता येतात, आणि शेवटी पडून राहण्याऐवजी भिंतीला पाठ टेकून बसता येते.

अमेरिकेत सैन्यदलात लैंगिक अत्याचार सोसलेल्या १३१ माजी सैनिक स्त्रियांवरील चाचणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. तीत अशा योगाचा परिणाम प्रस्थापित संज्ञानात्मक उपचाराच्या तोडीचा आढळला आणि उपचार मध्येच सोडणाऱ्यांचे प्रमाण योगाच्या गटात कमी होते. त्याचे कारण मला रोज दिसते. घडलेले पुन्हा सांगावे लागणार नाही, एवढ्या आश्वासनावर स्त्रिया टिकून राहतात.

गच्चीवरच्या वर्गाला जायचे असेल तर आधी शिक्षकांना गाठून तीन गोष्टी सांगाव्यात: मला स्पर्श नको, मी डोळे मिटणार नाही, आणि मध्येच उठून गेले तर विचारपूस नको. त्यांनी ते सहज मान्य केले तर जावे, "अहो, सवय होईल" म्हणाले तर जाऊ नये. भस्त्रिका, कपालभाती आणि श्वास रोखून धरणारे कुंभक आपण तूर्त पूर्णपणे वर्ज्य करावेत. श्वासाचा सराव करायचाच असेल तर उच्छ्वास किंचित लांबवावा, कारण श्वास सोडताना हृदयाची गती नैसर्गिकरीत्या मंदावते. मात्र श्वासाकडे लक्ष देण्यानेच छाती आवळत असेल, आणि आपल्या बाबतीत तसे होण्याची शक्यता आहे, तर श्वासाकडे लक्ष देणे सोडून द्यावे आणि तळवे, टाचा किंवा हातातल्या पर्सच्या पट्ट्याचा पोत यांकडे लक्ष न्यावे.

---

ओपीडी क्रमांक सात

माणूस पारखण्याचा प्रश्न अनुत्तरित राहिला होता. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते आणि नोंदणी क्रमांक विचारण्यात काहीही गैर नाही. समुपदेशक म्हणून पाटी लावणाऱ्यांवर तसे बंधन नसल्याने त्यांचे शिक्षण आणि त्यांच्या कामावर देखरेख कोण करते, हे विचारावे. सोमॅटिक एक्सपिरिअन्सिंगचे प्रशिक्षण साधारण तीन वर्षांचे असते. परंतु ते प्रमाणपत्र म्हणजे मनोविकारावर उपचार करण्याचा परवाना नव्हे, ते मूळ पात्रतेच्या जोडीला असावे लागते. स्पर्श होणार का, झाला तर कोठे आणि कशासाठी, आणि नको म्हटल्यास काय पर्याय आहे, याचे उत्तर पहिल्याच भेटीत सरळ मिळाले पाहिजे. किती सत्रांनंतर आढावा घेणार, हेही विचारावे. "शरीर सांगेल तेव्हा" हे उत्तर मी तरी स्वीकारले नसते.

खर्चाचा विचार करता केईएम, नायर, शीव आणि जे. जे. या रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत. तेथे शरीराधारित पद्धती मिळतीलच असे नाही, पण निदान नीट होईल आणि आघातकेंद्रित उपचाराची चौकशी करता येईल. रात्री-अपरात्री फारच त्रास झाला तर १४४१६ हा टेलिमानस या शासकीय मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा निःशुल्क क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तेथे मराठीत बोलता येते. जिन्यापाशी कधी आपण स्वतःच्या शरीराबाहेर आहोत असे वाटले, किंवा मधला वेळ आठवणीतून पुसला गेला, तर ती गोष्ट समुपदेशक बाईंना अवश्य सांगावी, कारण तसे असल्यास पुढचे सर्व काही अधिक संथपणे करावे लागते.

ठाण्याला उलटे जाण्याविषयी मला काळजी वाटते. टाळण्याने त्या दिवसापुरती सुटका होते, पण जिना आता सुरक्षित आहे हे शिकण्याची संधी शरीराला मिळत नाही. समुपदेशक बाईंशी ठरवून एखाद्या सुट्टीच्या दुपारी, गर्दी नसताना, मुलुंडशेजारच्या नाहूरसारख्या शांत स्थानकावर जावे. पायथ्याशी उभे राहून आधी आसपास नजर फिरवावी, कठड्याचा गारवा हाताला लागू द्यावा, दोन पायऱ्या चढाव्यात आणि जबडा आवळण्याच्या आत, स्वतःच्या मर्जीने, खाली उतरावे. पूर्ण जिना चढून जाण्याचा हट्ट पहिल्या दिवशी धरू नये. काही समुपदेशक अशा वेळी सोबत येतात, आपल्या बाई येतील का ते विचारून पाहावे, आणि त्यांना जमत नसेल तर त्या सहकारी बाईंना न्यावे. मात्र पाठीवर हात ठेवून "चल, काही होत नाही" असे म्हणायचे नाही, हे त्यांना आधीच बजावून ठेवावे.

---

मुलुंडची प्रवासी

बाईंना आजच विचारले. गुरुवारी दुपारी त्या नाहूरला येणार आहेत. येताना पट्टा असलेली पर्स आणा, म्हणाल्या.